चहातला बूट

३ मार्च

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझी वहिनी बरी आहे, मी तिच्या मते बरा आहे, आणि तुझी लेक आम्हा दोघांच्या मतांना काडीची किंमत देत नाही, म्हणजे तिची प्रकृती उत्तम आहे. गालात दोन बिस्किटं साठवून तिसऱ्याकडे नजर लावून बसते, म्हणून घरात तिचं नाव ‘खार’ पडलंय. पाच वर्षांच्या मुलीला शोभेल असं दुसरं नाव सुचत असेल तर कळव.

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारशील. एक तर पुलाच्या कामावर तुझ्या फोनला धड आवाज येत नाही. दुसरं म्हणजे पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही. आज मला ते फार सोयीचं आहे.

खारीला आमच्याकडे ठेवून निघताना तू दारात थांबून मला एकच गोष्ट बजावली होतीस. “दादा, कानाची यंत्रं घालायची, बोलणं शिकवणाऱ्या वाचाबाईंकडे न्यायचं, आणि हातवारे अजिबात नाहीत. हात चालायला लागले की तोंड बसतं.” मी मान हलवली. तू तो होकार धरलास. मी तुला पूर्वीपासून सांगत आलोय की माझ्या मान हलवण्याचा अर्थ संदर्भाने लावावा.

तर सांगायचं ते असं की हात चालू आहेत. आणि तोंडही बसलेलं नाही.

झालं असं. वाचाबाईंच्या खोलीशेजारी एक काचेचं दार आहे. आत एक तरुण शिक्षिका मुलांचा वर्ग घेते. ती स्वतः जन्मापासून बहिरी. तिचे हात इतके झपाझप चालतात की आम्ही तिला वीज म्हणतो. खार त्या दाराला नाक लावून उभी राहिली ती हलेचना. मी ओढलं, वहिनीने बिस्किट दाखवलं. बिस्किटालाही दाद नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य तुझ्या लक्षात येईल. तिसऱ्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, “अहो, ती बघत नाहीये. ऐकतेय.”

धाकटे, मी संस्कृत शिकवण्यात उभी हयात घालवली. शब्दावाचून माझं पान हलत नाही. तरी हे मला सुचलं नाही, तिला सुचलं. यावर घरात अजून बोलणी ऐकतोय.

वाचाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, शब्द कुठल्या का वाटेने येईना, आधी आत येऊ दे. तोंडाचा सराव मी घेतेच आहे.” म्हणून आम्ही तिघंही वीजबाईंच्या वर्गात बसायला लागलो. खारीने आठवड्याभरात मला मागे टाकलं. वहिनीने दोन आठवडे घेतले. मी अजून ढ मुलांच्या बाकावर आहे.

कारण ऐक. मला वाटलं, हातांची भाषा म्हणजे नामं दाखवायची आणि क्रिया दाखवायची. विभक्ती बिचारीला कोणी वालीच नाही. म्हणून मी घरी बसून सात विभक्तींसाठी बोटांच्या सात खुणा तयार केल्या. तृतीयेला तर्जनी, चतुर्थीला दोन बोटं मनगटावर, असं सगळं. वर्गात एक वाक्य सर्व अलंकारांसह सादर केलं. वीजबाई हसता हसता खाली बसली. मग तिने दाखवलं: आई इथे ठेवायची, मुलगी तिथे ठेवायची, आणि ‘देणे’ हा शब्द आईच्या जागेवरून निघून मुलीच्या जागेवर पोचवायचा. झालं. कर्ता, कर्म, संप्रदान, सगळं हवेत. माझ्या सात खुणा मी गुपचूप खिशात घातल्या.

आणखी एक. या भाषेत प्रश्न भुवयांनी विचारतात. तुझ्या दादाचा चेहरा म्हणजे तू म्हणतेस तसा सरकारी इमारतीचा दर्शनी भाग. मी ‘पाणी हवं?’ विचारायचो आणि खारीला ऐकू जायचं, ‘पाणी हवं आहे.’ ती जाऊन मलाच पाणी आणायची. शेवटी एकदा ती माझ्या मांडीवर चढली आणि दोन्ही अंगठ्यांनी माझ्या भुवया वर ढकलून धरल्या. त्यांना इतक्या वर्षांत एवढं काम कधी पडलं नव्हतं. अजून दुखतात.

आता मुद्दा. वाचाबाईंच्या दवाखान्यातच एक मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत. बहिऱ्या मुलांच्या मेंदूत भाषा कुठे आणि कशी उतरते, याचा त्यांचा अभ्यास चालू आहे. डोक्यावर तारांची एक टोपी घालतात, पडद्यावर वाक्यं दाखवतात. काही वाक्यं सरळ: आजोबांनी चहात बिस्किट बुडवलं. काही वाकडी: आजोबांनी चहात बूट बुडवला. अर्थ पोचला असेल तर बुटाशी मेंदू दचकतो आणि टोपीला ते कळतं. अर्थ पोचला नसेल तर त्याला बूट काय आणि बिस्किट काय. दुखत नाही, टोचत नाही.

तुझं म्हणणं, तिला ओठांवरून सगळं कळतं. माझं म्हणणं वेगळं. महिनाअखेर तू येणार, आणि तिला त्या शाळेत घालायचं म्हणतेस जिथे मुलांना हात बाकाखाली ठेवून बसवतात. त्याआधी दोन्ही करून बघू. हातांची वाक्यं वीजबाई करील. ओठांची तू कर. ओळखीचा चेहरा असला की ओठ वाचायला सोपे जातात, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. तेव्हा तुला झुकतं माप आहे. यादी सोबत पाठवतोय, व्हिडिओ करून पाठव. आई म्हणून तुझी परवानगीही लागेल.

मी चुकलो तर हात बाकाखाली ठेवीन. माझेसुद्धा.

तुझा
दादा


१९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझे व्हिडिओ पोचले. तुझी वहिनी ते पुन्हा पुन्हा बघते आणि पदर तोंडात धरून हसते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे क्रेन, आणि तू ‘आजोबांनी चहात बूट बुडवला’ हे वाक्य निविदा वाचल्यासारखं वाचतेस. मागे ते दोन गवंडी काम थांबवून एकमेकांकडे बघून हसताहेत, ते तुला दिसले नसतील. आता सगळ्या साइटवर बाईंना ऊन लागल्याची बातमी असेल. लेकीसाठी तू एवढं केलंस, याचं मला मनापासून कौतुक आहे.

चाचणी मंगळवारी झाली. खोली छोटी, राखाडी भिंती, एक खुर्ची, एक पडदा. डॉक्टरीणबाईंनी टोपी चढवली आणि प्रत्येक छिद्रात गार मलम भरलं. खारीने आरशात बघितलं, सगळ्या तारा न्याहाळल्या आणि हातांनी म्हणाली, “मी दिवा. लावा.”

आधी वीजबाईंची वाक्यं झाली. मी आणि वहिनी काचेपलीकडे, डॉक्टरीणबाईंच्या मागे. पडद्यावर रेषा थरथरत होत्या, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण बूट आला आणि खार खुर्चीत हसून हसून दुमडली. “हलू नको म्हणावं,” डॉक्टरीणबाई ओरडल्या, आणि मग स्वतःच हसायला लागल्या. नंतर त्यांनी सगळी वाकडी वाक्यं एकत्र करून मला रेघ दाखवली. बुटाशी, पोळीला लावलेल्या साबणाशी, जिथे जिथे अर्थ मोडला तिथे तिथे रेघेने खाली बुडी मारलेली. “ऐकू येणाऱ्या मुलांमध्ये बोललेल्या वाक्याला होतं ना सर, ते हेच,” त्या म्हणाल्या. “मेंदूचा भाषेचा भाग दार उघडून बसलेला असतो. पाहुणा कानाने आला की डोळ्याने, तो विचारत नाही. फक्त ते दार जन्मभर तसंच सताड उघडं राहत नाही. लहानपणी कोणीतरी आत यावं लागतं.”

मी म्हटलं, “म्हणजे सिद्ध झालं.”

“एका मुलीवरून मी काही सिद्ध करत नसते,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात घाई फार आहे.” वहिनीने मान डोलावली. तिला माझ्याविषयी तज्ज्ञ साक्षीदार मिळाला.

पण तुला पटवायला मला रेघेची गरज नाही, कारण मला स्वतःला पटलं ते बाहेरच्या बाकावर. तिथे चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर बसलेले असतात. जन्मापासून बहिरे, बायकोही बहिरी, उभा संसार हातांनी बोलण्यात गेला. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात लुळा पडला, डावा मात्र शाबूत. डाव्या हाताने ते अजून सुरेख मांजर काढतात; खारीला काढून दिलं, शेपटीच्या झुबक्यासकट. दात कसे घासतात विचारलं तर करून दाखवतात. पेला उचलून चहा पिण्याची नक्कल करतात. पण ‘चहा’ हा त्यांच्या भाषेतला शब्द करायला सांगितलं की हात हवेत अडखळतो, भलताच आकार घेतो, आणि ते त्या हाताकडे असं बघतात की बघवत नाही. हात जागेवर आहे, शब्द गेलाय. त्यांची बायको समोर बसते, एकेक शब्द करते, आणि वाट बघते.

तोवर मी मनातल्या मनात याला हातवारेच म्हणत होतो, धाकटे. शिकत होतो, पण मनात म्हणत होतो. हातवारे असते तर मास्तरांचे हातवारे शिल्लकच आहेत. गेली ती भाषा. आणि गेली ती अगदी तिथूनच, जिथून माझी नि तुझी जाईल. त्या दिवसापासून तो शब्द मी टाकला. तूही टाक.

वाचाबाईंचा निरोप: खार तोंडाने आता ‘पाणी’, ‘नको’ आणि ‘मामी’ स्पष्ट म्हणते. ‘मामा’ म्हणत नाही. वहिनीचं म्हणणं, ज्याची गरज पडते तो शब्द आधी येतो.

तुझ्या वाक्यांविषयी डॉक्टरीणबाईंचं अजून काही गणित व्हायचं आहे, ते झालं की लिहितोच. इकडे हवा छान आहे. पुलाचा तिसरा खांब उभा राहिला का?

तुझा
दादा


२५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. आशीर्वाद वगैरे तू वाचणार नाहीस, तेव्हा थेट लिहितो.

“दादा,” तू लिहिलंयस, “तू पानंच्या पानं भरलीस. मांजराची शेपटीसुद्धा सोडली नाहीस. आणि माझ्यावर एक ओळ. तुला खोटं बोलता येत नाही, नुसतं लांबण लावता येतं. तिसऱ्या खांबाचं तुला कधीपासून पडलंय? माझ्या ओठांचं काय झालं ते सांग.”

सांगतो.

तुझी वाक्यं लागली. तुझा चेहरा पडद्यावर आला आणि खार खुर्चीतून उठायलाच निघाली. तारांमुळे बसवावं लागलं. तिने पडद्याकडे हात हलवला. तिचे डोळे असे लकाकले की डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आई ना?” ती एकटक बघत होती. एका वाक्याला तिची नजर ढळली नाही. बिस्किटाच्या वाक्याला नाही आणि बुटाच्याही नाही.

पण रेघ हलली नाही. बिस्किटाला जशी, बुटाला तशीच. गणित त्याच दिवशी झालं होतं. तुला लिहायचं धैर्य नव्हतं.

डॉक्टरीणबाई मला लगेच म्हणाल्या, आणि हे त्यांचं वाक्य मी शब्दशः देतोय, “यात आईची काही चूक नाही. ओठांवर भाषेचा जेमतेम तुकडा दिसतो. उरलेला ज्याला भाषा आधीच येते तोच मनाने भरतो. हिला ती यायची आहे, तर ही भरणार कशाने?” तुझे उच्चार उत्तम होते. निविदा असती तर नक्की मंजूर झाली असती.

पुढचं ऐक, कारण ते रेघेत नाही. टोपी काढल्यावर खार धावत माझ्याकडे आली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. आईच्या डोक्यावर पिवळी बादली का? आई काळी का झाली? मागचे दोघं का हसत होते? गवंडी तिला दिसले होते, बघ. तुझ्यातलं बारीकसारीक सगळं तिने टिपलं होतं. मग म्हणाली, “आई काय म्हणत होती?”

मी हातांनी सांगितलं: आजोबांनी चहात बूट बुडवला.

 तिने पडद्याकडे बघितलं, तो बंद होता. आणि मग हसली, अशी हसली की दाराबाहेरून जाणाऱ्या वाचाबाईंनी डोकावून बघितलं. “आई म्हणाली?” “आईच म्हणाली.” “आई गमतीची आहे,” ती म्हणाली. हा तिचा तुझ्याबद्दलचा ताजा शोध आहे, धाकटे. तुझी मुलगी पाच वर्षांची झाली आणि तुझा पहिला विनोद तिला परवा कळला. तोही माझ्या हातून, उशिरा.

तू पुढे लिहिलंयस, “ती त्या लोकांची होईल दादा, मग मी तिची कोण?” हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तोंड बसेल ही तुझी काळजी खरी होती, पण तिच्या पाठीमागे ही उभी होती, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. वहिनीला दिसलं होतं. तिला सगळं दिसतं, हे घरातलं दुखणंच आहे.

तर याचं उत्तर. ती कोणाची होईल हे हातांनी ठरत नाही. तिच्याशी जो बोलेल त्याची ती होईल, हे मात्र मी इथे रोज बघतोय. पाव आणून देणारा पोऱ्या वहिनीकडून ‘नमस्कार’ आणि ‘उद्या’ एवढंच शिकला, तर सकाळी दाराकडे तिची त्याच्यासाठी धाव. ज्याच्या घरात भाषा नाही तिथलं मूल कोणाचंच होत नाही, ते नुसतं बघत राहतं. ती आजवर तुझ्याकडे कशी बघत आलीय ते तू मला सांगायला नको. टोपीच्या खोलीत मी ते बघितलं. एवढ्या प्रेमाने बघणाऱ्या मुलीला तू परकी होशील, असं ज्याने तुझ्या मनात भरवलं त्याला माझ्याकडे पाठव. भुवया न वापरता बोलेन त्याच्याशी.

बाकाखाली हात ठेवणारी शाळा नको. इथे वीजबाईंच्या वर्गात तिला जागा आहे, वाचाबाई शेजारच्याच खोलीत, तोंडाचा सराव तसाच चालू राहील. मी हे दादा म्हणून हक्काने सांगत नाही. तू आई आहेस, ठरवणार तूच. मी फक्त सांगतोय की या खेपेला मी बरोबर आहे. असं क्वचित होतं, म्हणून ठासून सांगतोय.

आणि मग काल दुपारची गोष्ट. ती सांगायची नव्हती, पण लांबण लावल्याचा ठपका पुन्हा नको.

खार स्वयंपाकघरात खाली बसून वहिनीला वाटाणे सोलून देत होती. म्हणजे सोलून स्वतः खात होती. मी तिला सांगितलं, शनिवारी आई येणार. तिने हातातली शेंग खाली ठेवली. मांडीवरचं ताट बाजूला सरकवलं. हात फ्रॉकला पुसले. मग भुवया वर करून, अगदी काळजीने, मला विचारलं:

“आईला बोलता येतं?”

मी शब्दांवर जगलेला माणूस, मदतीसाठी वहिनीकडे बघितलं. ती विळीवरून माझ्याकडेच बघत होती. मदत मात्र तिने केली नाही.

मी ‘हो’ म्हणालो.

मग जरा सावरून जोडलं, “थोडं थोडं. शिकतेय.”

खारीने विचार केला. “मामापेक्षा लवकर शिकेल?”

मी म्हटलं, “हो, खूप लवकर.”

“मग मी शिकवीन,” ती म्हणाली, आणि ताट पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

शनिवारी आम्ही तिघंही फलाटावर उभे असू. सामान हमालाकडे दे, पिशव्या डब्यात राहिल्या तरी चालतील, मागाहून मागवू. पण दोन्ही हातांत काही घेऊन उतरू नकोस. ती पळत येईल, तुझ्यासमोर थांबेल, आणि तुला काहीतरी विचारील. मला वाटतं बादलीविषयीच. कळलं नाही तरी हात वर कर. चुकीचं काहीतरी बोल. माझ्या विभक्तींइतकं चुकीचं तर होणार नाही.

तुझ्या वतीने दोनदा ‘हो’ म्हणून बसलेला,
दादा